भांडायचं इंग्रजी

किश्श्यांचं घरातल्या पिशव्यांच्या पिशवीसारखं असतं. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात, आणि परत कोंबायला गेलं तर एकही आत जात नाही! मागच्या आठवड्यात नागपूरच्या मैत्रिणीनं फोनवर सहज विचारलं, "काय गं, तुझा तो म्हाताऱ्यांचा क्लास कसा चालू आहे?" मी म्हटलं, "थांब, एक गंमत सांगते." तिच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या, भात झाला, भाताचा लगदा झाला, तरी मी आपली सांगूनच राहिली होती. शेवटी तीच म्हणाली, "बाई गं, हे सगळं लिहून काढ. माझा गॅस संपून राहिला आहे."

तर लिहिते.

मी नागपूरच्या एका मराठी शाळेत उभा जन्म इंग्रजी शिकवलं. रिटायर झाले आणि मुलानं उचलून इथे बेंगळुरूला, व्हाइटफील्डच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं. सकाळी ऑफिसच्या कॅब आणि शाळेच्या बसेस गेल्या की आमच्या एवढ्या मोठ्या सोसायटीत फक्त म्हातारी माणसं, कामाच्या बायका आणि कुरिअरवाले उरतात. कुणाशी बोलावं? लिफ्टमध्ये सगळे एकमेकांकडे बघून हसतात आणि मग आकडे बघत बसतात. तुमची भाषा कुठली, हेच माहीत नसतं ना!

सोसायटीच्या सेक्रेटरींना कुणीतरी सांगितलं की या मॅडम इंग्लिश टीचर होत्या. ते लगेच हजर. "मॅडम, सीनियर सिटिझन्ससाठी स्पोकन इंग्लिश घ्या ना! क्लबहाऊसची झुंबा रूम दुपारच्या आधी रिकामीच असते."

झुंबाच्या खोलीत चारही भिंतींना आरसे. म्हणजे तिघं-चौघं आले तरी वर्ग गच्च भरल्यासारखा दिसतो. मला तेवढंच बरं वाटलं.

*

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारलं, "इंग्रजी कशाला शिकायचं आहे? ज्याला ज्या भाषेत सांगायचं त्यानं त्या भाषेत सांगा."

पहिले उठले रेड्डी सर. अनंतपूरकडचे, तेलुगू शाळेतले रिटायर्ड हेडमास्तर. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. अस्सल व्याकरणशुद्ध इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, आय नो इंग्लिश. आय हॅव नोबडी टु स्पीक इट टु." झालं! शिकायला आलेला पहिलाच माणूस, आणि त्याला सगळं येतं!

मग कमलाक्का. यांचं घराणं मूळ मराठी, पण पणजोबांपासून बेंगळुरूच्या जुन्या पेठेत कापडाचं दुकान. घरात मराठी, गल्लीत कन्नड, गिऱ्हाइकाशी तमिळ, तेलुगू, हिंदी, जे समोर येईल ते. मुलानं आता इकडे फ्लॅट घेतला म्हणून त्या आल्या. म्हणाल्या, "मिस, जन्मभर सगळ्या भाषांत साड्या विकल्या. कुणी अडाणी म्हटलं नाही. इथे मॉलमध्ये गेले तर ती पोरगी माझ्याशी बोलतच नाही, माझ्या नातवाशी बोलते! मला काय हवं ते त्याला विचारते! अय्यो, मला एकदा त्या पोरीला इंग्लिशमध्ये भाव उतरवायला सांगायचंय."

"अक्का, मॉलमध्ये भाव उतरवत नाहीत."

"इंग्लिशमध्ये कुणी मागितला नसेल!"

आणि तिसऱ्या वत्सलाबाई. कोल्हापूरजवळच्या खेड्यातल्या. नऊवारी, हातात रुमाल. मालक गेल्यावर मुलानं इकडे आणलेलं. सून मल्याळी, स्वभावानं गोड. नवरा-बायको एकमेकांशी इंग्रजीत बोलतात, कारण त्याला मल्याळम येत नाही आणि तिला मराठी. त्यामुळे सात-आठ वर्षांची नात मिरा हिची मातृभाषा म्हणा, पितृभाषा म्हणा, इंग्रजीच. वत्सलाबाई जागेवरूनच म्हणाल्या, "बाई, मला भांडायचं इंग्रजी शिकवा. बाकीचं न्हाई आलं तरी चालंल."

मला वाटलं सुनेशी काही बिनसलंय. तर म्हणाल्या, "सुनेशी न्हाई वो! नातीशी! ती माझ्याशी भांडतच न्हाई. पानी दिलं की थँक्यू आजी. ताट दिलं की थँक्यू आजी. झोपताना गुड नाइट आजी. पावन्यासारखं! गावाकडं माझ्या धाकट्या जावंची नातवंडं तिचे केस वडत्यात, तिच्या पाठीवर चढत्यात. आन् ही माझी पोरगी मला इट्स ओके म्हनती. उन्हाळ्याची सुट्टी सरंपतूर बगनार. तवर नात माझी झाली तर झाली, न्हाईतर मी आपली गावाला जानार. पावनी म्हनून किती दिस ऱ्हायचं?"

मी इतकी वर्षं शिकवलं. निबंध शिकवला, पत्रलेखन शिकवलं. भांडण कुठल्याच यत्तेला नव्हतं.

*

हा वर्ग चालतो कोणत्या भाषेत, ते आधी सांगते. इंग्रजीचा वर्ग आहे, पण इंग्रजीत चालला तर पाच मिनिटांत बंद पडेल! मी हिंदी-मराठीत सांगते. ते कमलाक्का तेलुगूत रेड्डी सरांना सांगतात, ज्यांना ते मुळात इंग्रजीतच कळलेलं असतं. पण सर ऐकून घेतात. मी एकदा म्हटलं, "सर, तुम्हाला तर माझं समजतं, मग अक्कांना कशाला त्रास?" तर म्हणाले, "मॅडम, इथे आल्यापासून तेलुगूत माझ्याशी तेवढंच कुणीतरी बोलतं." त्यानंतर मी विचारलं नाही.

*

तर मी आपली शहाणी! पहिला धडा घेतला प्लीज, सॉरी, थँक्यू. सगळी पुस्तकं तिथूनच सुरू होतात.

वत्सलाबाई तोंड मिटून बसल्या. म्हणे, "थँक्यूचाच तर समदा घोटाळा हाय, आन् तुमी तेच शिकवताय! घरच्या मानसाला कोन आभार मानतं का?"

कमलाक्का लगेच त्यांच्या बाजूनं. "खरं आहे मिस. आमच्याकडे धन्यवाद फंक्शनला म्हणतात. माइक लावून. घरात कोण माइक लावतं?"

रेड्डी सरांनी हात वर केला. मग इंग्रजीतच म्हणाले की माझी बायको रोज सकाळी माझ्या हातात फिल्टर कॉफी द्यायची. मी पेपर वाचत असायचो. एकदाही थँक्यू म्हटलं नाही. आता म्हणावंसं वाटतं, आणि ती नाही.

 एवढे आरसे, त्यामुळे सरांकडे बघायचं नाही म्हटलं तरी सगळीकडे सरच दिसायला लागले.  कमलाक्कांनी हळूच वत्सलाबाईंना मराठीत सांगितलं, सर काय म्हणाले ते.

वत्सलाबाईंनी ऐकून घेतलं आणि सरळ सरांना म्हणाल्या, "मग काय झालं वो सर? तुमी न्हाई म्हनला तरी रोज दिलीच की तिनं कॉपी! आन् म्हनला असता तर ती भ्याली असती. म्हनली असती, ह्यास्नी आज काय झालं, डाक्टरला बोलवा!"

कमलाक्कांनी हे तेलुगूत सांगितलं. सर आधी बघतच राहिले आणि मग इतके हसले, इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "करेक्ट," म्हणाले. "शी वुड हॅव कॉल्ड द डॉक्टर."

*

मग मी होमवर्क दिला. म्हटलं, घरी गेल्यावर प्रत्येकानं एक तरी इंग्रजी वाक्य बोलायचं. कुठलंही. घरच्यांची प्रतिक्रिया काय आली, ते दुसऱ्या दिवशी सांगायचं. कमलाक्कांना दिलं, "हाऊ वॉज युवर डे?" आणि समोरचा काही बोलला तर म्हणायला दोन छोटे शब्द दिले, "ओह! रियली?"

दुसऱ्या दिवशी अक्का जरा गंभीरच दिसल्या. मी विचारलं, "काय झालं?"

"मिस, आमच्याकडे मुलगा घरी आला की विचारायचं एकच. ऊट आयता? जेवलास का? तो हो म्हणतो, हातात फोन घेतो, खोलीत जातो. काल मी म्हटलं, हाऊ वॉज युवर डे? त्यानं फोन खाली ठेवला! म्हणाला, अम्मा, कुणी काही बोललं का तुला? बरं वाटतंय ना? मी परत म्हटलं, हाऊ वॉज युवर डे? तर माझ्या शेजारी सोफ्यावर बसला. आणि बोलायलाच लागला! सगळं इंग्लिशमध्ये! बॉस, टीम, प्रोजेक्ट, परत बॉस. मी म्हणते, ओह! तो आणखी बोलतो. मी म्हणते, रियली? तो आणखी बोलतो!"

"अरे वा! मग काय म्हणाला तो?"

"कुणाला ठाऊक! स्वल्प स्वल्प कळलं. बॉस वाईट आहे एवढं कळलं. पण लहानपणी शाळेतून आला की दप्तर न काढता बोलायचा ना, तसा बोलला, मिस. इतकी वर्षं मी मराठीत विचारत राहिले, कन्नडमध्ये विचारत राहिले. त्याला दोन्ही येतात. पण त्याचं दुःख इंग्लिशमध्ये आहे हो! मला कसं सापडणार?"

आणि डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, आता पुढचं सांगा. ओह आणि रियली संपलं. आज तिसरा शब्द लागेल."

*

वत्सलाबाईंचा होमवर्क मात्र फसला; कुठलंही वाक्य म्हटलं की मिराचं आपलं थँक्यू आजी. त्यांच्या हॉलमध्ये तो बोलणारा डबा आहे ना, ज्याला गाणं लाव म्हटलं की लावतो, दिवा बंद कर म्हटलं की करतो, तो. एक दिवस तावातावानं आल्या. "बाई, मिरा त्या डब्याशी भांडती!"

"डब्याशी?"

"व्हय! तिला पायजे ते गानं न्हाई लावलं की वरडती त्याच्यावर. स्टॉप म्हनती, स्टुपिड म्हनती. शट अप म्हनती! मी शेजारी बसल्याली. माज्याकडं वळून म्हनती, सॉरी आजी, वॉज आय टू लाउड? म्हंजे बगा! डबा घरचा, आन् मी परकी!"

मी समजूत काढायला गेले. म्हटलं, "अहो, चांगल्या वळणाची पोरगी आहे."

"वळन चुलीत घाला!" वत्सलाबाई म्हणाल्या. आणि खरंच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काल समदी बाहीर गेल्यावर मी बी त्या डब्याशी बोलून बगितलं. म्हनलं, बाबा, तुला तरी काय जादू येती, मला सांग की. तर त्यो बी मला सॉरी म्हनला."

 रेड्डी सर तेवढ्यात कमलाक्कांना विचारत होते, काय झालं, काय झालं. अक्का म्हणाल्या, "नंतर सांगते सर. हे तेलुगूत सांगायला आधी रडून घ्यावं लागेल."

*

माझाही एक सांगते, नाहीतर म्हणाल ही दुसऱ्यांच्याच गमती सांगते.

माझ्याकडे राहायला आलेल्या बहिणीला के. आर. पुरम स्टेशनवर सोडून परत येत होते. ती गेली की दोन दिवस घर खायला उठतं, हे मला अनुभवानं माहीत. तोंड पाडून ऑटो थांबवला आणि इथे शिकलेली सगळी खिचडी एका दमात सांगितली, "अण्णा, व्हाइटफील्ड होगबेकु, हाऊ मच, ज्यादा मत बोलना!"

तो शांतपणे वळला. "ताई, मराठीत बोला की. मी निपाणीकडचा."

काय सांगू बाप्पा! मी भावच विचारला नाही. बसले. त्यानं निपाणीची तंबाखू सांगितली, मी नागपूरची संत्री सांगितली. एरवी त्या रस्त्यावरच्या ट्रॅफिकला मी रोज शिव्या घालते. त्या दिवशी सिग्नल सुटला की मला वाईट वाटायचं! म्हणाला, त्याची मुलगी इंग्लिश मीडियमला आहे, हुशार आहे. "पण ताई, शाळेत सोडायला गेलो की म्हणते, पप्पा, गेटपाशी बोलू नका, नुसता हात करा. मी नुसता हात करतो."

असं म्हणून तो हसला. मला काही हसू आलं नाही.

आमच्या गेटवर उतरले. मी क्लासचं सांगितलं होतंच वाटेत. पैसे घेताना म्हणाला, "ताई, तुमच्या वर्गात यायला म्हाताराच पाहिजे का? मला अजून थोडा वेळ आहे, पण तोवर पोरगी मोठी होईल."

मी म्हटलं, ये कधीही. गेटवरच्या सिक्युरिटीला सांगूनही ठेवलं आहे. अजून आला नाही.

*

शेवटी मी ठरवलं, भांडायचं इंग्रजी शिकवायचंच. होऊ दे! विद्यार्थ्याला जे हवं ते शिकवायचं, नाहीतर कशाला बसलोय इथे?

नाटुकलं करायचं ठरलं. रेड्डी सर नात झाले आणि वत्सलाबाई आजी. समोर दुधाचा पेला म्हणून माझी पाण्याची बाटली. सर दोन्ही हात बांधून उभे राहिले आणि हेडमास्तरी आवाजात म्हणाले, "आय शॅल नॉट ड्रिंक द मिल्क."

मी वत्सलाबाईंना म्हटलं, "हं, आता म्हणा, यू विल ड्रिंक इट. राइट नाऊ!"

वत्सलाबाई सरांकडे बघत राहिल्या. मग बाटली खाली ठेवून म्हणाल्या, "नगं तर ऱ्हाऊ दे रं बाळा."

"अहो वत्सलाबाई! भांडायचंय!"

"कसं भांडू? किती बारीक तोंड केलंय सरांनी!"

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. शेवटी माझं डोकं फिरलं. मी चिडकीच आहे, खोटं कशाला सांगू. मी ओरडले, "अहो, इंग्रजीत नाही जमत तर आधी मराठीत भांडून दाखवा! आवाज तरी निघू द्या!"

बस! धरण फुटलं! वत्सलाबाईंनी कमरेला पदर खोचला आणि सरांना असं काही फैलावर घेतलं की सर दोन पावलं मागे गेले. "पीत न्हाईस? कसा पीत न्हाईस बगते! तुझ्या बापाला असाच मांडीखाली दाबून पाजलाय!" सरांची बाजू घ्यायला कमलाक्का कन्नडमधून उतरल्या. मग सरही पेटले, तेलुगूतून! तीन भाषांचं असं कडाक्याचं भांडण झालं म्हणून सांगू, आणि चारही आरशांत तीस-चाळीस माणसं हात नाचवत होती!

दार धाडकन उघडलं. सेक्रेटरी धावत आले होते. मागे सिक्युरिटी गार्ड. "मॅडम! इज एव्हरीथिंग ऑलराइट?"

तिघांनीही वळून एका सुरात म्हटलं, "थँक्यू, सर!"

सेक्रेटरी माझ्याकडे बघून म्हणाले, "व्हेरी गुड प्रोग्रेस, मॅडम."

त्या दिवशी जाताना मी वत्सलाबाईंना म्हटलं, "एवढं छान भांडता! घरी गेल्यावर होतं काय?"

तर दारात थांबून म्हणाल्या, "भ्या वाटतं, बाई. आपल्या भाषेत भांडलं की मागनं जवळ घेऊन कुरवाळता येतं, चार शब्द गोड बोलता येत्यात. इंग्रजीत भांडले आन् पोर रुसली, तर समजूत कशात काढू? मला तेवढं कुटं येतंय?"

मी त्यांना समजूत काढायची वाक्यं सांगितली. त्यांनी म्हणून पाहिली. पण मला खरं सांगायचं तर ती वाक्यं इंग्रजीत मलाही कधी कुणाला म्हणावी लागली नव्हती. निखिलला, माझ्या मुलाला, मी नेहमी मराठीतच ओरडले आणि मराठीतच जवळ घेतलं. तो आता फोनवर मेसेज करतो, "ओके मॉम. लेट टुडे. डोन्ट वेट." त्या दिवशी संध्याकाळी मी वाट बघत बसले. तो आल्यावर मुद्दाम भांडले, मीठ जास्त झालेल्या वरणावरून. वरण मीच केलं होतं!

*

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली. आणि एक दिवस वत्सलाबाईंनी वर्गात सांगितलं, "मुलानं कोल्लापूरच्या बसचं तिकीट काढलं. रविवारचं."

 मुलगा बिचारा वाईट नव्हता. आई कंटाळते, एकटी पडते, हे त्याला दिसत होतं. आईनंच सांगितलं होतं काढ म्हणून. मी विचारलं, "मिरा काय म्हणाली?"

"म्हनली, हॅव अ सेफ ट्रिप, आजी." त्या म्हणाल्या. "लई शहानी हाय."

शुक्रवारी निरोपाचा समारंभ ठरवला. कमलाक्कांनी दुकानातली इरकल आणली, गावी गेल्यावर नेसा म्हणून. रेड्डी सरांनी इंग्रजीत भाषण पाठ केलं. माझं सकाळपासूनच कशातच लक्ष लागत नव्हतं. एवढी शिकवण्याची वर्षं गेली, आणि एका बाईला जे हवं होतं तेवढं काही मला तिच्या हातात देता आलं नाही, याचं फार वाईट वाटत होतं. शाळेत निदान नापास झालेलं पोरगं पुढच्या वर्षी परत यायचं.

वेळ झाली, वत्सलाबाईंचा पत्ता नाही. आम्ही तिघं आरशात एकमेकांची तोंडं बघत बसलो. मग दार उघडलं. वत्सलाबाई धापा टाकत आत आल्या. डोळे लाल. हातात स्टीलचा मोठा डबा. कमलाक्का मला हळूच म्हणाल्या, "रडून आल्यात."

रेड्डी सर उठून उभे राहिले, घसा साफ केला आणि सुरू झाले, "रिस्पेक्टेड मॅडम, ऑन धिस सॉरोफुल ऑकेजन..."

"थांबा वो सर!" वत्सलाबाईंनी डबा टेबलावर आपटला. "आधी माझं ऐका! बाई, ऐका! आज सकाळी काय झालं!"

आणि उभ्या उभ्याच सांगायला लागल्या. मिराला रात्रीपासून ताप. आई-बाप दोघंही घरूनच काम करत होते, पण दोघांच्या कानाला हेडफोन आणि खोल्यांची दारं बंद. खालून मैत्रिणींनी हाका मारल्या, आणि ही पोरगी पोहायचा ड्रेस घालून, गॉगल डोक्यावर चढवून निघाली स्विमिंग पूलला! वत्सलाबाई दारात आडव्या झाल्या.

"मी म्हनलं, नो पूल! ती म्हनली, इट्स ओके आजी, आय विल आस्क मम्मा. मी म्हनलं, मम्मा मीटिंग! आजी नो मीटिंग! आस्क मी!"

"देवा!" कमलाक्का म्हणाल्या. "मग?"

"मग म्हनली प्लीज. मी म्हनलं, नो प्लीज! यू फीवर! यू सिट! तर मला म्हनती, यू आर नॉट माय मम्मा! म्हनलं, येस! आय अॅम पप्पाज मम्मा! बिग मम्मा! मम्मा स्मॉल, आय बिग!"

सर खुर्चीत बसले. भाषणाचं पार विसरले.

"तिनं गॉगल फेकला. मी म्हनलं, पिक! ती म्हनली, नो! मी म्हनलं, पिक! ती म्हनली, नो! पाय आपटले, बाई! दोन्ही पाय! लालेलाल झाली, असं नाक फुगवलं, माझ्या मालकांचंच नाक, तवा दिसलं मला! आन् वरडली, यू आर सो मीन! आय हेट यू, आजी! आन् आत जाऊन दार आपटलं! धाडकन! माझ्या तोंडावर!"

कमलाक्कांनी माझा हात धरला. "मिस, हेट म्हणजे?"

मी काही बोलायच्या आत वत्सलाबाईच म्हणाल्या. चेहरा असा काही उजळला होता! "म्हंजे तू मला अज्याबात आवडत न्हाईस!"

 वत्सलाबाईंनी डब्याचं झाकण काढलं. बेसनाचे लाडू होते, अजून गरम. पहिला माझ्या हातावर ठेवला, दुसरा रेड्डी सरांच्या, तिसरा अक्कांच्या.

"घ्या, तोंड गोड करा. मला लगी जायचंय. पोरगी सारकी दार उघडून बगती आजी हाय का, आन् मी दिसले की पुन्यांदा आपटती!"

कमलाक्का म्हणाल्या, "आणि मग रविवारची बस?"

"कसली बस, अक्का?" वत्सलाबाई डबा घेऊन दाराकडे पोचल्या होत्या. "एवढं भांडन अर्धवट टाकून कुटं जाऊ?"